एकही सुरकुती नसलेला पडदा

हॉटेलच्या लाँड्रीत आयुष्यभर चादरींना इस्त्री करून आत्या निवृत्त झाली आणि धाकट्या भावाकडे राहायला आली. भावाने बाहेरच्या खोलीच्या कोपऱ्यात तिची खाट टाकून दिली. आडोसा मात्र दिला नाही. मग आत्यानेच एका भिंतीपासून दुसरीपर्यंत तार ताणली, निळसर राखाडी जाड कापड आणलं, त्याला कड्या शिवल्या आणि पडदा सोडला. पडद्याआड खाट, पेटी, आरसा आणि दात ठेवायचा पेला, एवढा तिचा संसार. तिथे ती कपडे बदलायची, गुडघ्याला तेल चोळायची आणि कधी रडू आलंच तर तेही तिथेच उरकून घ्यायची. दर रविवारी पडदा उतरवून अशी कडक इस्त्री करायची की भावजय म्हणायची, "वन्सं, पडद्याचे एवढे लाड! नवरा मिळाला असता तर त्याचं काय केलं असतं?" आत्या हसून सोडून द्यायची. त्या घरात राहायचं तर पुष्कळ काही सोडून द्यावं लागे.

भाचीला नोकरी लागली तेव्हा तिने ठरवलं की बाहेरच्या खोलीत सगळ्यांचा एक मोठा फोटो हवा. फोटोग्राफरला घरीच बोलावलं. आत्याला कधी नव्हे तो हुरूप आला. कामाच्या ओळखपत्रावर होता तेवढाच तिचा फोटो, त्यातही डोळे अर्धे मिटलेले. ठेवणीतले कपडे घालून, दात बसवून, केस चापूनचोपून ती सगळ्यांच्या आधी तयार झाली.

फोटोग्राफर आला आणि मागे काय घ्यावं म्हणून घरभर फिरला. एका भिंतीला ओल आलेली, दुसरीला कपाट, तिसरीवर विजेचा मीटर. भावजयीने हौसेने फुलाफुलांची चादर आणली.

"ही लावली तर तुमच्या डोक्यातून फुलं उगवलेली दिसतील," तो म्हणाला. मग त्याची नजर पडद्यावर गेली. त्याने कापड दोन बोटांत धरून पाहिलं. "वा! एक सुरकुती नाही. इस्त्री कोणाची?"

"माझी," आत्या म्हणाली. लाँड्रीत हे तिला कधी कुणी विचारलं नव्हतं. बाई अशी फुलून गेली की कुणी सांगायच्या आत स्टुलावर चढली आणि स्वतःच्या हाताने पडदा उतरवून दिला.

उजेड खिडकीपाशी होता. पडद्याचं एक टोक कपाटाच्या कडीला बांधलं. दुसरं टोक बांधायला काही सापडेना.

"कुणीतरी धरायला हवं," फोटोग्राफर म्हणाला. सगळ्यांनी आत्याकडे पाहिलं.

"ताई, तूच धर," भाऊ म्हणाला. "तुझा पडदा, तुलाच नीट धरता येईल."

आत्या मागे गेली आणि हात उंच करून उभी राहिली. पुढे हसणं-खिदळणं चाललं होतं. तिला दिसत होतं फक्त कापड. फोटोमागून फोटो निघाले, हाताला रग लागली, तरी तिने टोक ढळू दिलं नाही. शेवटी त्या परक्या माणसालाच लाज वाटली. "आता एक यांच्यासोबत घेऊ या?"

"मग पडदा कोण धरणार?" भाऊ म्हणाला. फोटोग्राफरने कॅमेरा पिशवीत टाकला.

आवराआवर चालू असताना भाची मागे वळली. "आई, इथे केवढी जागा आहे गं! माझं टेबल अगदी मावेल."

भावजयीने कमरेवर हात ठेवून कोपरा न्याहाळला. आत्या पडद्याची घडी छातीशी धरून पुढे आली. "मी लावते परत."

"राहू द्या हो वन्सं. खोली कशी मोकळी मोकळी वाटतेय. आणि या वयात तुम्हाला कोण बघायला बसलंय?"

आत्याने भावाकडे पाहिलं. आपला भाऊ आहे, एवढं तरी बोलेल असं तिला वाटलं. भाऊ फोटोग्राफरला दारापर्यंत सोडायला गेला, आणि परत आला तो तार काढायला पक्कड घेऊनच.

पडद्याचे सोफ्याच्या उशांना अभ्रे झाले. रविवारी त्यांना इस्त्री आत्याच करते. कपडे बदलायला ती न्हाणीघरात जाते, आणि बाहेरून कुणी दार वाजवलं की बटणं लावत लावत बाहेर येते. रडण्याची सोय तिथे होत नाही. खाटेसमोरच्या भिंतीवर मोठ्या चौकटीत तिघं हसतायत, मागे तिचा पडदा सपाट उभा आहे.

परवा भाचीच्या ऑफिसातल्या मैत्रिणी आल्या. "फोटो काय सुंदर आलाय! स्टुडिओत काढला का?"

"छे, घरीच," भाची म्हणाली. "पडदासुद्धा घरचाच."

"आणि आत्या कुठे आहेत यात?"

"आहे ना. मागे आहे."

सगळ्या जणी वळल्या. आत्या खाटेवर बसून, कपडे वर घेऊन, गुडघ्याला तेल चोळत होती. इतके डोळे एकदम अंगावर आले तसा तिचा हात सवयीने बाजूला गेला, पडदा ओढायला, आणि तसाच हवेत राहिला.

"बघा, अजून पडदाच धरतायत वन्सं!" भावजय म्हणाली.

मुली खो खो हसल्या. आत्याही हसली, दुसरा हात तोंडावर धरून, कारण दात भाचीच्या टेबलावरच्या पेल्यात होते.