हर्बेकबाईंच्या तीन पायऱ्या

दर दोन वर्षांनी, नोव्हेंबरातल्या मतदानाच्या मंगळवारी, गावातले चार धडधाकट पुरुष अल्बिना हर्बेकला उचलायला अग्निशमन केंद्राच्या दारात उभे राहत. आणि दर दोन वर्षांनी ती त्यांना नाही म्हणे.

गावाला याचं वाईट वाटे. गाव चांगलं होतं, हीच तर अडचण होती. मतदान अग्निशमन केंद्रातच होई, त्याला तीन पायऱ्या होत्या आणि अल्बिनाला एकच पाय उरला होता. दुसरा साखरेच्या आजाराने नेला. यावर गावाने उपाय काढला होता: आपण तिला व्हीलचेअरसकट उचलू. उचलणारे चौघेही अग्निशमन दलाचे स्वयंसेवक जवान. एकतीस वर्षं शाळेची बस चालवताना तिने त्या चौघांनाही लहानपणी ने-आण केली होती. त्यांचा प्रमुख रॉस पोस्पिशिल याला बस लागायची, आणि ते अख्ख्या गावाला ठाऊक होतं.

"बाई, एका मिनिटाचं काम आहे," रॉस म्हणे. "तुम्ही डोळे मिटून बसा."

"डोळे मिटून मत देण्याची पद्धत गावात आधीच आहे. मला ती नको."

मग ती आपल्या गाडीत बसून मत देई. कारकून मतपत्रिका बाहेर आणून देई, ती स्टिअरिंगवर टेकवून खुणा करी, आणि शेजारच्या गाडीतला माणूस मान लांब करून हवामान बघितल्यासारखं करी. गुप्त मतदान म्हणतात ते हेच, असं तिला सांगण्यात आलं.

पाच वर्षांपूर्वी तिने काउंटीवर फेडरल कोर्टात दावा लावला. मागणी एकच: स्वतःच्या चाकांवर आत जाता आलं पाहिजे. गाव दुखावलं. "आम्ही उचलतो ना!" हे वाक्य तिला किराणा दुकानात, चर्चमध्ये आणि एकदा दाताच्या डॉक्टरकडे, तोंड उघडं असताना, ऐकावं लागलं.

रॉस मनाचा मऊ. त्याने दाव्याची बातमी कळताच आठवड्यात लाकडी रॅम्प बनवला, उत्तम, दोन्ही बाजूंना कठडे. पण काउंटीचे वकील मर्ल ग्रोनबेक यांनी तो लावू दिला नाही. दावा चालू असताना रॅम्प बसवला तर आधी चूक होती असं कबूल केल्यासारखं होईल, असं त्यांचं म्हणणं. तेव्हा तो रॅम्प केंद्रामागच्या शेडमध्ये ताडपत्रीखाली राहिला. निकाल लागेपर्यंत.

निकाल लागायला न्यायाधीश लागतो. कोर्टात दोन न्यायाधीशांच्या जागा होत्या. एक सात वर्षं रिकामी. दुसरे न्यायाधीश फौजदारी खटल्यांत गळ्यापर्यंत बुडालेले. तीन पायऱ्यांपर्यंत त्यांचा हात पोचत नव्हता. रिकामी जागा भरायची तर राष्ट्राध्यक्षांनी नाव सुचवायचं आणि राज्याच्या दोन्ही सिनेटरांनी एकेक निळी चिठ्ठी सही करून परत पाठवायची, नाहीतर नाव तिथेच अडायचं, असा वॉशिंग्टनचा रिवाज. कायदा नव्हे, रिवाज. म्हणून तो मोडायची कुणाची छाती नाही. आधीची चार वर्षं एका पक्षाच्या सिनेटरने चिठ्ठी दाबली. मग राष्ट्राध्यक्ष बदलले, आणि आता दुसऱ्या पक्षाचे सिनेटर ऑल्डेन फिच चिठ्ठी दाबून बसले होते.

फिच हे अल्बिनाच्याच पक्षाचे. तिने त्यांना तीनदा मत दिलं होतं, तिन्ही वेळा गाडीतून.

"अगं, चिठ्ठी अडवली तेच बरं," झ्डेंका वाव्रा तिला समजावी. झ्डेंका निवृत्त शिक्षिका, पक्षाच्या तालुका शाखेची अध्यक्ष, आणि अल्बिनाची पन्नास वर्षांची मैत्रीण. "न्यायाधीश म्हणून सुचवलेला हा कॉर्विन टील माहितीये का कसा आहे? त्याचे जुने लेख वाच. नागरिकांचे हक्क म्हणजे त्याला अंगावर पाल पडल्यासारखं होतं. तो आला की तुझा दावा पहिल्याच दिवशी कचऱ्यात."

"आणि नाही आला तर?"

"तर निदान जिवंत राहील."

"माझा दावा जिवंत राहील. माझं वय अडुसष्ट आहे, झ्डेंका."

मे महिन्यात अग्निशमन केंद्रात कोलाचीची न्याहारी होती: खसखशीच्या, जर्दाळूच्या, आलुबुखाराच्या गोड पावांचे डोंगर, आणि पाहुणे म्हणून खुद्द सिनेटर फिच. झ्डेंकाने बजावलं, "तिथे चिठ्ठीचं काढू नकोस. पक्षाची शोभा होईल." अल्बिना गेली आणि पायऱ्यांखाली थांबली. चौघे जवान सवयीने पुढे आले, सवयीने मागे गेले. आत बातमी पोचली की एक म्हातारी वर येत नाहीये. फोटोग्राफर बरोबर असल्यामुळे सिनेटर स्वतः खाली उतरले, हातात बशी घेऊन.

"मॅडम, आपण वर का येत नाही?"

"तेच विचारायला पाच वर्षांपूर्वी कोर्टात गेले होते. तिथे कुणी बसलेलं नाही. तुमच्याकडे एक निळी चिठ्ठी आहे म्हणे."

सिनेटरांनी बशी दुसऱ्या हातात घेतली. "हे पाहा, मी तुमच्यासारख्यांच्या हक्कांसाठीच लढतोय. त्या माणसाच्या विचारांबद्दल मला गंभीर चिंता आहेत."

"मलाही आहेत. माझी मैत्रीण रोज त्यात भर घालते." झ्डेंका दारात उभी होती, तिने नजर छताकडे वळवली. "पण साहेब, तो विरुद्ध गेला तर मी वरच्या कोर्टात जाईन. रिकाम्या खुर्चीविरुद्ध अपील करता येत नाही. मी वकिलाला विचारून आलेय."

सिनेटर म्हणाले, "मी यावर जरूर विचार करेन," आणि खसखशीची कोलाची तिच्या हातात ठेवून वर गेले. तिला जर्दाळूची आवडते.

झ्डेंका तिच्याशी तीन आठवडे बोलली नाही. गाडीत बसली की मात्र अल्बिनालाही मनात धाकधूक होई. झ्डेंका खरी ठरली तर? आपल्याच हाताने आपला दावा बुडवला असं गाव म्हणेल, आणि ते म्हणेल तेही हळहळत.

जुलैत चिठ्ठी परत गेली. अल्बिनाने मन हेलावून टाकलं असं सिनेटर पुढे भाषणांत सांगत. त्याच आठवड्यात राज्यातल्या हवाई तळाच्या निधीचं घोडंही गंगेत न्हालं, ते भाषणांत येत नसे. टील यांची नेमणूक सिनेटमध्ये दोन मतांच्या फरकाने मंजूर झाली.

सुनावणी सप्टेंबरात, नऊ मिनिटांची. टील बारीक, कोरडा माणूस, नाक पुसत होता.

"रॅम्प आहे का?"

"आहे, महाशय," ग्रोनबेक म्हणाले. "शेडमध्ये. पाच वर्षांपासून."

"लावला का नाही?"

"दावा प्रलंबित होता म्हणून."

टील यांनी पुन्हा नाक पुसलं. निकाल एका पानाचा आला: कायद्यात लिहिलंय, ते करा. हक्क, प्रतिष्ठा वगैरे शब्द त्यात कुठेच नव्हते. झ्डेंकाने तो दोनदा वाचून काढला आणि म्हणाली, "जिंकलीस, पण कारण चुकीचं आहे." त्याच महिन्यात टील यांनी मांस कारखान्यातल्या कामगारांचा दावा फेटाळला. त्याचं कात्रण झ्डेंकाने अल्बिनाला पोस्टाने पाठवलं, राहायला दोन घरं पलीकडे असून. अल्बिनाने ते पूर्ण वाचलं, आणि फोन करून एवढंच म्हणाली, "तुझं चुकलं नव्हतं."

नोव्हेंबरात रॅम्प जागेवर होता. तिने चढताना मदत घेतली नाही. दोनदा थांबली, दम खाल्ला, पुन्हा चाकं ढकलली. चौघे जवान बाजूला, हातांचं काय करावं हे न सुचून उभे. आत रांग होती. ती तिने कधी पाहिलीच नव्हती.

"बाई, तुम्ही पुढे या," रॉस म्हणाला. "कुणाची काही हरकत नाही. हो ना हो?"

रांगेने उत्साहाने माना डोलावल्या. वाटही करून दिली.

"माझ्या पुढे किती जण आहेत, रॉस?"

"एकवीस."

"मग मी बाविसावी. सरका पुन्हा जागेवर."

पाऊण तास लागला. एकविसावा माणूस पडद्याआड मतपत्रिका पहिल्या ओळीपासून वाचत बसला, तेव्हा बाकीच्या रांगेबरोबर तिनेही मोठ्याने सुस्कारा सोडला.