हिचा फॉर्म

आमच्या घरात फॉर्म मी भरतो. व्हिसाचे, ग्रीन कार्डाचे, टॅक्सचे, मुलीच्या कॉलेजचे. चाळीस वर्षांत एकही परत आलेला नाही. त्यामुळे वार्षिक तपासणीला गेलो की बायकोचा फॉर्मही मीच भरायचो. त्यात अलीकडे मनाबद्दल एक पान असतं. गेल्या दोन आठवड्यांत उदास वाटलं का, झोपेचा त्रास झाला का, आपण निरुपयोगी आहोत असं वाटलं का. उत्तरं चारच: मुळीच नाही, काही दिवस, अर्ध्याहून जास्त दिवस, जवळजवळ रोज. मी माझ्या फॉर्मवर सगळीकडे 'मुळीच नाही' करायचो आणि त्याच ओघात हिच्याही. हिला विचारायचं काय? रोज समोरच तर असते.

यंदा रिसेप्शनवरच्या मुलीनं दोघांना दोन टॅब्लेट दिले. मी सवयीनं हिच्या टॅब्लेटकडे हात नेला.

"सर, शी हॅज टू डू हर ओन," ती मुलगी म्हणाली.

मला रागच आला. मी हिला म्हटलं, "अगं, सगळीकडे 'नाही' कर. उगाच लचांड नको मागे."

"मला वाचता येतं," ही म्हणाली.

माझा फॉर्म मिनिटात झाला. हिचा चालूच होता. शाळेत मी कधी शेजाऱ्याच्या पेपरात डोकावलो नाही. त्या दिवशी डोकावलो. काही चुकलं असेल तर दुरुस्त करावं, एवढाच हेतू. उदास: जवळजवळ रोज. झोप: जवळजवळ रोज. निरुपयोगीपाशी ही जरा थांबली आणि 'अर्ध्याहून जास्त दिवस' केलं. मी बघतोय हे हिला कळलं होतं. तरी हिनं टॅब्लेट फिरवला नाही.

डॉक्टर हिच्याशी पाऊण तास बोलली. मला आत बोलावलं नाही. नंतर माझं ब्लड प्रेशर, कधी नव्हे ते, वाढलेलं निघालं.

गाडीत बसल्यावर ही म्हणाली, "बघितलंत ना?"

"हो."

"मग?"

"ट्रॅफिक बराच दिसतोय," मी म्हणालो. त्या वाक्याची मला अजून लाज वाटते.

अ‍ॅशबर्न जवळ आलं, बिनखिडक्यांची डेटा सेंटर्स सुरू झाली. मला जुने फॉर्म आठवत होते. हिची आई गेली आणि हिला भारतात वेळेत पोचता आलं नाही, ते वर्ष. मुलगी सिअ‍ॅटलला गेली, ते वर्ष. दोन्ही वर्षी मी हिच्या नावाखाली 'मुळीच नाही' लिहिलं होतं. मला भीती वाटली.

"कधीपासून वाटतंय असं?" मी विचारलं.

फॉर्मला दोन आठवडे पुरतात. हिनं आईपासून सुरुवात केली. हायवेवरून घराकडे उतरायचं आमचं एक्झिट आलं. एरवी मैलभर आधीच ही म्हणते, "अहो, राइट लेन घ्या." त्या दिवशी म्हणाली नाही, बोलतच होती. मला एक्झिट दिसलं होतं. मी सरळ जात राहिलो.