फ्लेमेंकोचे बूट आणि बाईंचा उंबरठा

मंडळी, दोन तासांपूर्वीची गोष्ट सांगते.

वर्षभर मी फ्लेमेंको हा स्पेनचा नाच ऑनलाइन शिकतेय. सराव करते धंतोलीत, माझ्या जुन्या कथकच्या बाईंच्या हॉलमध्ये. तिथे पायातलं बाहेर काढावं लागतं, म्हणून आजवर मोजे घालून नाचले. स्पेनमधल्या शिक्षिका स्क्रीनवरून दर वेळी एकच विचारतात, "आवाज कुठे आहे?" कारण तो आवाज बुटांच्या तळाला ठोकलेल्या खिळ्यांचा असतो.

शेवटी बूट मागवले. आज ते घेऊन गेले.

बाईंनी दारातच अडवलं. "जोडे बाहेर ठेव वं."

मी म्हटलं, बाई, नवे कोरे आहेत, रस्त्याला लागलेलेसुद्धा नाहीत. या नाचात बूट म्हणजे वाद्यच, आपल्या घुंगरांसारखं.

बाईंनी एक बूट उलटा केला, खिळ्यांवर टिचकी मारून आवाज ऐकला आणि तो परत माझ्या हातात दिला. "घुंगरू म्हणते ना? मंग बांधाच्या आधी घुंगराले जे करते, ते कर."

म्हणजे कपाळाला लावायचं.

बूट उचलला. हनुवटीपर्यंत आला. तिथून पुढे हात जाईना.

"राहू दे," बाई शांतपणे म्हणाल्या. "तुले अजून हे जोडेच वाटून राहिले."

आजही मोज्यांवरच नाचले. बूट बाहेर, चपलांच्या रांगेत होते.

खरं सांगा, तुमचा हात कुठपर्यंत गेला असता?