बन्सीनं अडवलेला रस्ता

बन्सीची शाळा नववीत सुटली, पण तो फोर्कलिफ्टवर बसला की कंपनीतले इंजिनियरही बाजूला सरकायचे. आख्ख्या चाकण पट्ट्यात असा हात कुणाचा नाही, हे तो स्वतःच सांगायचा, आणि खोटं काहीच नव्हतं त्यात. बाप गेल्यावर धाकट्या ओमला त्यानंच वाढवलं, आयटीआयला घातलं, मोटारसायकल घेऊन दिली. ओम पुढचं चाक उचलून गाडी पळवायला लागला की बन्सी टपरीवरच्या अनोळखी माणसालाही कोपरानं ढोसायचा, "आपला भाऊ हाय राव."

परवा शिफ्ट सुटायच्या टायमाला ओमच्या दोस्तांना त्याचा व्हिडिओ काढायचा होता. तळेगाव रस्त्यावर कंटेनरची रांग काही तुटेना. पोरांच्या हातवाऱ्यांना कोण विचारतंय? मग बन्सी स्वतः मधोमध जाऊन हात पसरून उभा राहिला. कंटेनर जागेवर थांबले. बन्सीपुढं थांबणारच ते. ओम एका चाकावर सुसाट आला, आणि रस्ता ओलांडणाऱ्या एका बाईला उडवून तसाच निघून गेला. बन्सीही मागं वळून न बघता घरी आला.

गाडीला नंबरप्लेट नव्हती, ओमच्या डोक्यात हेल्मेट होतं. पोलीस शोधत होते. आता नुसत्या दंडावर भागत नाही, गाडी जप्त होते, आणि स्टंटवाल्यासोबत रस्ता अडवणारासुद्धा गुन्ह्यात येतो, असं टपरीवर बोलणं चाललं होतं. बन्सीनं ओमला देहूरोडला मावशीकडं धाडलं आणि बाईला गप्प करायला, आजवर सगळं निस्तरलं तसं हेही निस्तरायला, तो दवाखान्यात गेला.

बाईचं नाव सोजरबाई. कंपनीच्या कँटीनला चपात्या लाटायची. उजवा पाय गुडघ्यातून काढला होता. बन्सीला बघताच ती उशीवरून उठायला लागली.

"गाड्या अडवणारे भाऊ तुमीच ना?"

बन्सीनं दाराकडं बघितलं. पण बाई हात जोडत होती. इतकी वर्षं तो रस्ता जीव मुठीत धरून ओलांडला, आम्हा बायांसाठी कधी कुणी सायकलसुद्धा थांबवली नाही, ती सांगत होती. त्या दिवशी आपला कुणीतरी माणूस उभा दिसला, म्हणून इकडंतिकडं न बघता, तुमच्याकडंच बघत निघाले. तिनं पोरीला, वर्षाराणीला, त्याच्या पाया पडायला लावलं. बन्सी मागं सरकला तर पाठीशी भिंत.

तेवढ्यात जबाब घ्यायला हवालदार आला. सोजरबाईनंच त्याला सांगितलं, हे आपले साक्षीदार.

"रस्ता कुणासाठी अडवला होता?" हवालदारानं विचारलं.

"ह्या बायांसाठी," बन्सी म्हणाला.

"शाब्बास. मोटारसायकलवाला ओळखीचा?"

"न्हाई. मी बघितलाच न्हाई."

सोजरबाईचे जोडलेले हात हळूहळू सुटले. "असं कसं, भाऊ?" ती म्हणाली. "मला धडकायच्या आधी त्यानं तुमच्या हातावर टाळी दिली की."

हवालदारानं लिहिणं थांबवलं. वर्षाराणी आईच्या उशाशी जाऊन उभी राहिली. बन्सीची नजर त्या कापलेल्या पायाच्या पट्टीवर गेली.

"ओम," तो म्हणाला. "माझा धाकटा. अन् गाडी माझ्या नावावर हाय."