भाकऱ्या कुणी थापल्या?

बारा वर्षं मी वैशाखरे गावाच्या पलीकडच्या एका आरोग्य उपकेंद्रात नर्स होते. कंत्राटावर. कंत्राट संपलं, पुढचं काही निघालं नाही, आणि वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी मी मुरबाडमधल्या एका खाजगी दवाखान्यात नव्याने नोकरीला लागले. काम तेच होतं: बाळंतपणं, टाके, सलाईन. लोकही तेच, त्याच गावांतून जीपने येऊन उतरणारे. त्यामुळे मला वाटलं होतं, बदलला तर युनिफॉर्मचा रंग बदलेल, बाकी काय बदलणार?

पहिल्याच दिवशी माझ्या हातात चार पानी फॉर्म आला. तिथली इन्चार्ज माझ्याहून पंधरा वर्षांनी लहान, बोलायला गोड आणि कामाला चोख. तिच्याबद्दल वाईट बोलायला मला जागाच सापडत नाही, आणि त्याचाच मला जास्त राग येतो. तिने नीट समजावलं. पेशंट आला की आधी फॉर्म. प्रश्न छापलेत तसेच विचारायचे, उत्तर येईल तसंच लिहायचं, मग डॉक्टरांना फोनवर वाचून दाखवायचं. हात लावून तपासायचं ते डॉक्टरच तपासणार. डॉक्टर आठवड्यातले तीन दिवस दुपारपर्यंत कल्याणला असतात, हे तिने सगळ्यात शेवटी सांगितलं.

फॉर्मच्या दुसऱ्या पानावर दुखण्याची पट्टी होती. शून्य ते दहा आकडे आणि त्यांच्याखाली गोल गोल चेहरे, पहिला हसरा, शेवटचा रडका. किती दुखतंय ते पेशंटने बोट ठेवून दाखवायचं. मनगट मुरगळलेल्या एका म्हाताऱ्याने ती पट्टी बराच वेळ निरखली, मधल्या चेहऱ्यावर बोट ठेवलं आणि हा आमच्या जावयासारखा दिसतो म्हणाला. मी पाच लिहिले. दुसरं काय लिहिणार?

हसण्यावारी नेता आलं असतं तर बरं होतं. पण आमच्याकडची बाई दुखतंय असं सांगत नाही. सासू शेजारी उभी असेल तर मुळीच नाही. कळा सुरू झालेल्या बाईला विचारा, दुखतंय का, तर ती खाली बघून म्हणते, "नाय." ते खोटं नसतं, ती रीत असते. उपकेंद्रात पहिल्या वर्षी मीही त्या 'नाय'ला फसले होते. मग तिथल्या एका म्हाताऱ्या सुईणीने मला शहाणं केलं. दुखतंय का ते विचारू नकोस, म्हणाली, आज भाकऱ्या कुणी थापल्या ते विचार. दिवस भरलेली बाई शेवटच्या घडीपर्यंत चूल सोडत नाही. सासूने किंवा नणंदेने थापल्या असं उत्तर आलं, की मी पाणी उकळायला ठेवायची. बारा वर्षं मी या एका प्रश्नावर काढली.

नव्या ठिकाणी दुसऱ्याच आठवड्यात, तपासणीला आलेल्या दिवस भरलेल्या एका बाईला मी तो विचारला. भाकऱ्या सासूने थापल्या होत्या. मी फोनवर डॉक्टरांना सांगितलं, लवकर या, हिची वेळ झाली आहे. ते कल्याणचे पेशंट सोडून धावत आले. बाईला कळाबिळा काही नव्हत्या. सकाळी तव्यावर बोटं भाजली म्हणून सासूने भाकऱ्या केल्या होत्या. पट्टी बांधून ती घरी गेली आणि मी इन्चार्जच्या टेबलासमोर उभी राहिले. ती ओरडली असती तर मीही ओरडले असते. तिने मला बसायला खुर्ची दिली. "सिस्टर, तुमचा अनुभव मोठा आहे, पण इथे अंदाज चालत नाही. उद्या काही झालं तर कागदच बोलतो." मग माझे तीन महिने प्रोबेशनचे आहेत, पुन्हा असं झालं तर ठेवता येणार नाही, हेही तिने तितक्याच मऊ आवाजात सांगितलं. नवऱ्याची कंपनी तेव्हा बंद पडलेली होती आणि मुलगी कल्याणला कॉलेजात होती. मी हो म्हणाले. घरी जाऊन भांडी आपटली.

त्यानंतर मी शहाण्या मुलीसारखी फॉर्म भरू लागले. छापलेलं वाचायचं, ऐकलेलं लिहायचं. आपण नर्स आहोत की तलाठी, असा प्रश्न पडायचा. चिडचिड इतकी व्हायची की दुपारचा डबा अर्धा परत जायचा.

मार्गशीर्षात, भात झोडून झाल्यावर, दिवस भरत आलेली एक सून आणि तिची सासू सकाळी अकराच्या सुमाराला आल्या. सुनेला मी ओळखलं. तिची पहिली मुलगी उपकेंद्रात माझ्याच हातांवर झाली होती. मला बघून ती हसली आणि काउंटरची कड धरून उभी राहिली. खुर्ची समोर होती, पण ती बसली नाही. इन्चार्ज माझ्या शेजारी रजिस्टर बघत होती.

मी वाचलं, दुखतंय का?

"नाय."

मी पट्टी पुढे केली. तिने हसऱ्या चेहऱ्यावर बोट ठेवलं. तेवढ्यात सासू आपणहून कुरकुरली, "सकालपासना भाकऱ्या पन मीच थापल्या. हिचा आज कामात जीवच नाय."

मी ते ऐकलं. स्पष्ट ऐकलं. सुनेची बोटं काउंटरच्या कडेवर पांढरी पडली होती, तेही बघितलं. आणि मला ती भाजलेली बोटं आठवली, ती खुर्ची आठवली, शेजारी रजिस्टरचं पान उलटल्याचा आवाज आला. मी शून्य लिहिलं. डॉक्टरांना फोन लावून वाचून दाखवलं: पाणी गेलेलं नाही, रक्त नाही, दुखणं शून्य. तारखेला अजून आठ दिवस आहेत, घरी जाऊ दे, सोमवारी बोलाव, असं ते म्हणाले. मी तसंच सासू-सुनेला सांगितलं. त्या जीप पकडायला गेल्या.

टोकावड्याच्या अलीकडे जीपमध्येच ती बाळंत झाली. ड्रायव्हरने गाडी तशीच मागे फिरवली. जीपमधल्या एका भाजीवालीने आपल्या शालीत बाळ गुंडाळलं होतं, नाळ अजून तशीच होती. मी नाळ कापली, बाळ पुसलं, तिचं रक्त थांबेपर्यंत पोटावर हात ठेवून उभी राहिले. मुलगी होती, सणसणीत रडत होती. त्या अर्ध्या तासात फॉर्म कुणी मागितला नाही.

संध्याकाळी डॉक्टरांनी आणि इन्चार्जने फाईल उघडली. चारही पानं भरलेली, वेळ लिहिलेली, खाली माझी सही. इन्चार्जच्या चेहऱ्यावर सुटकेचा भाव होता. "सिस्टर, तुमचं एकही चुकलेलं नाही. बरं झालं तुम्ही शिकलात. आता प्रोबेशनची काळजी करू नका." मला तो फॉर्म तिथेच टराटरा फाडावासा वाटला. मी थँक्यू म्हणाले.

मग वॉर्डात गेले. सासू चहा प्यायला खाली गेली होती. बाळ दूध पीत होतं. तू 'नाय' का म्हणालीस, असं मी तिला विचारलं. माझ्या आवाजात राग होता. खरं तर तो तिच्यावर नव्हता.

"सासू हुबी व्हती ना," ती म्हणाली. "मना वाटला, तुमाला कळल."

मला कळलं होतं. ते मी तिला सांगितलं नाही.