कोणता सिनेमा होता रे?

माझ्या भावाला सगळी गल्ली डॉक्टर म्हणते. तो डॉक्टर नाही, इस्पितळात स्ट्रेचर ढकलतो. लहानपणी त्याने शेजारच्या मांजरीच्या पायाला पट्टी बांधली, तेव्हापासून हे नाव चिकटलं. कॉलेजात आपटल्यावर तेच नाव लोक हसत हसत घ्यायला लागले. तो म्हणतो, मला काही वाटत नाही. मला वाटतं. मी मोठी बहीण आहे, मला वाटणारच.

घराच्या पुढच्या खोलीत माझं शिवणकामाचं दुकान आहे. शाळेचे गणवेश, पडदे, चेन बदलणं, विजारी आखूड करणं, असली किरकोळ कामं. मागच्या दोन खोल्यांत आई, भाऊ आणि मी. माझं लग्न झालं होतं, ते टिकलं नाही, आणि तो विषय इथे काढायचं काही कारण नाही.

मेडिकल कॉलेजने भावाला दोनदा नाकारलं. इथे पदवीचे गुण आणि मुलाखत बघून घेतात, आणि त्याचे गुणच तसे होते. दुसऱ्या नकारानंतर तिथल्या एका बाईंनी त्याला सरळ सांगितलं, कच्चे विषय पुन्हा शिका, पुन्हा परीक्षा द्या आणि मग या. तिसऱ्यांदा अर्ज करता येतो, चौथ्यांदा नाही. म्हणजे ही शेवटची खेप. त्याने मान डोलावली आणि संध्याकाळच्या कॉलेजात नाव घातलं. मी म्हटलं, अरे, जरा श्वास तर घे. तर म्हणे, श्वास घेत बसलो तर झोप लागेल.

त्यानंतर तीन वर्षं घरात कुणी मनापासून हसलं असेल तर मला आठवत नाही. पहाटेची पाळी, दिवसभर या मजल्यावरून त्या मजल्यावर माणसं न्यायची, तिथून परस्पर कॉलेज. पाय असे सुजायचे की बूट काढायला बाकावर बसला की तिथेच पेंगायचा. वर्गातली पोरं त्याला काका म्हणायची. रसायनशास्त्राच्या तासाला तो मागच्या भिंतीशी उभा राहायचा. शिक्षा म्हणून नव्हे, बसला की डोळे मिटायचे म्हणून. शिकवणाऱ्या बाईंनी सुरुवातीला हटकलं, मग त्यांनाही सवय झाली. जेवताना कधी कधी हात ताटातच राहायचा आणि हा झोपलेला. आई ओल्या फडक्याने त्याचा हात पुसून टाकायची. मी कितीदा म्हटलं असेल, बस झालं आता, सोड हा नाद. तो म्हणायचा, "ताई, एवढा एक विषय होऊ दे." एक झाला की दुसरा. मी हात टेकले.

पण गुण आले. भौतिकशास्त्रात चांगले आले, रसायनशास्त्रात तर वर्गात पहिला. काका पहिला आला म्हणून पोरांनी टाळ्या वाजवल्या म्हणे. गुणपत्रक घेऊन तो मेडिकल कॉलेजच्या त्या बाईंकडे गेला, तर त्यांनी त्याला थांबवून घेतलं. त्याला वाटलं, कौतुक करतील. त्या म्हणाल्या, "हे उत्तम झालं. पण जुनं काही पुसलं जात नाही. तुमच्या पहिल्या पदवीत एका पेपरपुढे 'गैरहजर' लिहिलंय. मुलाखतीत हमखास विचारतील. आणि गुण कमी पडलेले चालतात, पण पेपरला न जाणारा माणूस उद्या पेशंटकडे जाईल याचा भरवसा त्यांना कुणी द्यायचा? उत्तर नीट तयार ठेवा."

घरी येऊन त्याने हे सांगितलं आणि माझ्या हातातली सुई थांबली. कारण त्या पेपरचं उत्तर आमच्या घरात ठरलेलं होतं. तो पेपर सोडून सिनेमाला गेला होता.

हे सगळ्या नात्यागोत्याला ठाऊक. आमचे मामा, म्हणजे आईचे थोरले भाऊ, दर रविवारी येतात. कचेरीतून निवृत्त झालेत, बोलण्याची हौस दांडगी. दारातून आत पाऊल टाकलं की पहिलं वाक्य तेच. "काय डॉक्टर! कोणता सिनेमा होता रे?" भाऊ म्हणायचा, "आठवत नाही मामा, मी झोपलो होतो." की सगळे हसायचे. वर्षानुवर्षं हेच. विनोदाला शेवाळ धरलं तरी मामा सोडायला तयार नाहीत.

खरं मला एकटीला माहीत होतं. बाबा गेल्यानंतरचं ते वर्ष. मी सासरी होते. आई अंथरुणाला खिळली, आणि ताप ना खोकला. भिंतीकडे तोंड करून पडून राहायची. भाऊ स्वयंपाक करायचा, तिला भरवायचा, न्हाणीघरात नेऊन तोंड धुवायचा. बाहेर सांगायचा, अशक्तपणा आहे. मामांना कळलं असतं तर त्यांनी तिला उचलून कुठेतरी भरती करून टाकलं असतं, अगदी चांगल्या मनाने. त्याला ती भीती होती. त्या दिवशी मी अचानक माहेरी आले. आई खाली बसलेली, हा तिच्या मागे स्टुलावर. तिच्या केसांचा पार गठ्ठा झाला होता. हा तेलात बोटं बुडवून एकेक बट सोडवत होता. पेपरला जायचे कपडे अंगात, पेन खिशाला. मी म्हटलं, अरे, आज तुझा पेपर! त्याने ओठांवर तेलकट बोट ठेवलं. संध्याकाळी माझ्याकडून शब्द घेतला आणि सिनेमाची गोष्ट त्यानेच रचली.

हळूहळू आई उठली. उठली ती पहिल्यांदा केस कानापर्यंत कापून आली, आणि आजतागायत तेवढेच ठेवते. त्या वर्षाबद्दल तिने कधी ब्र काढला नाही. आम्हाला वाटलं, तिला आठवतच नसेल.

"खरं ते सांग," मी त्याला म्हटलं.

"नाही."

"का नाही?"

"तिच्या दुखण्यावर मी जागा मिळवू?"

"मग काय सांगणार आहेस?"

"सिनेमाला गेलो होतो म्हणून."

"अरे शहाण्या, सिनेमापायी पेपर बुडवणाऱ्याला कोण डॉक्टर करेल?"

"वीस वर्षांची पोरं जातात सिनेमाला. कबूल करेन, माफी मागेन."

मी रागाने मोजपट्टी आपटली. तीन वर्षं रक्ताचं पाणी केलं आणि हा गृहस्थ एका थापेवर सगळं घालवायला निघालेला. पण शब्द दिलेला. बोलताही येईना, गिळताही येईना.

मुलाखतीच्या आदल्या दिवशी रविवार होता. मामा आले, आणि मुलाखत कळल्यावर त्यांच्या अंगात संचारलंच. "अरे, मी किती मुलाखती घेतल्यात! चल, तालीम करू." माझ्या कापड कापायच्या टेबलामागे बसले, चष्मा नाकाच्या शेंड्यावर ओढला. भावाला समोर उभं केलं. नाव, वय, डॉक्टर का व्हायचंय, सगळं झालं. भाऊ पाळीवरून आलेला, टेबलाला धरून उभा होता. मग मामा मागे रेलले. मला कळलं आता काय येणार ते.

"हं. या पेपरला आपण गैरहजर होता. कारण सांगाल का?" आणि हसू दाबत, "कोणता सिनेमा होता?"

भावाने तोंड उघडलं. उत्तर मात्र मागून आलं.

"सिनेमा नव्हता, दादा."

आई दारात उभी होती. हात ओले, पदराला पुसत होती.

"माझ्या केसांचा गुंता झाला होता. तो सोडवत होता."

"आई, राहू दे ना," भाऊ म्हणाला.

"राहूच दिलं इतकी वर्षं." ती मामांकडे बघून बोलत होती, त्याच्याकडे तिला बघवत नव्हतं. "मी उठतच नव्हते, दादा. हा मला भरवायचा, हा मला धुवायचा. त्या सकाळी मी म्हटलं, डोकं दुखतंय, केस सोडव. कितीतरी दिवसांनी मी तोंडाने काही मागितलं होतं. म्हणून हा बसला." जरा थांबली. "याचा हात मधेच थांबायचा. घड्याळाकडे बघतोय हे मला पाठमोरीला कळत होतं. पेपर आहे हेही ठाऊक होतं. पण मी जा म्हटलं नाही. भीती वाटली. हा गेला तर मी काय करेन, त्याची."

मामांनी चष्मा काढला. "मला कुणी सांगितलं नाही," एवढंच म्हणाले. मला चांगले चार शब्द सुनावावेसे वाटत होते, पण त्यांचा चेहरा बघून मी ते गिळले. चहा तसाच टाकून ते गेले. आई आत जाऊन भांडी घासायला लागली.

"उद्या हेच सांग," आतून आई म्हणाली. "नाही सांगितलंस तर मी येऊन सांगेन."

दुसऱ्या दिवशी तो परतला तो दुकानाच्या पायरीवरच बसला. बूट काढायचीही ताकद नव्हती. मी शिलाई अर्धवट सोडली.

"विचारलं?"

"विचारलं."

"मग?"

"सांगितलं. आईचे केस सोडवत होतो."

"मग काय म्हणाले?"

"काही नाही. पुढचा प्रश्न विचारला."

माझं डोकंच फिरलं. इतकी वर्षं उराशी धरलेली गोष्ट, आणि पुढचा प्रश्न! दगड आहेत का माणसं? तेवढ्यात आई बाहेर आली. "पुढचा काय होता?" तिने विचारलं.

"नोकरी करून तीन वर्षं शिकलात, दमला नाहीत का, म्हणाले."

"तू काय म्हणालास?"

"दमलोय म्हटलं."

जागा मिळाल्याचा फोन त्याला इस्पितळाच्या लिफ्टमध्ये आला. स्ट्रेचरवर म्हातारेबुवा होते, त्यांनाच पहिल्यांदा सांगितलं म्हणे. मला कळवलं तेव्हा आवाजात आनंद कमी आणि थकवा जास्त. आणि का नसावा, पुढे अजून कितीतरी वर्षं तेच, पुस्तकं आणि जागरणं. मी मात्र गणवेशाच्या ढिगात तोंड खुपसून मनसोक्त रडले.

मधले रविवार मामा आलेच नाहीत. कॉलेज सुरू व्हायच्या आदल्या संध्याकाळी आले. भाऊ दुकानातल्या बाकावर भिंतीला टेकला होता.

"काय डॉक्टर!" मामा सवयीने म्हणाले, आणि पुढे त्यांना काही सुचेना. दारातच उभे राहिले.

भाऊ उत्तर देईना. बघितलं तर झोपला होता, एक बूट पायात, एक हातात. आईने हातातला बूट हळूच काढून घेतला आणि खाली वाकून पायातला सोडवायला लागली.

"हळू बोल, दादा," ती म्हणाली. "सकाळी त्याला जायचंय. मी उठवणार आहे."