नळाचं पाणी आणि रॉकेटांचं घराणं

नळ सुटायच्या आधी पाइपातून हवेचा फुसफुस आवाज येतो. त्या आवाजाने आमच्या घरात दोघी जाग्या व्हायच्या. एक आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, आणि दुसरी त्यांना अडवायला निघालेली मी.

आम्ही सोनपेठचे. पूर्वी इथे आठ-आठ दिवस नळाला पाणी नसायचं. तेव्हा आत्याबाई घरातलं भांडं न् भांडं भरून ठेवायच्या. हंडे, घागरी, पिंप, वेळ पडली तर वरणाचं पातेलंसुद्धा. नवं पाणी आलं की आधीचं शिळं ठरायचं, ते अंगणात ओतून पुन्हा सगळं भरायचं. पाण्यासाठी जीव टाकणाऱ्या गावात पाणी शिळं होतं, हे बाहेरच्याला पटत नाही. आता दारात बोअर आहे, गच्चीवर टाकी आहे. तरी नळ आला की आत्याबाई उठायच्या, भरलेलं ओतायच्या आणि परत भरायच्या. मागच्या वर्षी त्याच ओल्या फरशीवर पडून त्यांचा खुबा मोडला. आत सळई घातली आहे. पुन्हा पडल्या तर उठणं कठीण, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं.

मी हंडे माळ्यावर टाकले, तर त्यांनी बादल्या काढल्या. बादल्या कुलपात ठेवल्या, तर तांब्यातांब्याने पातेली भरायला लागल्या. मी रागावले, नवरा रागावला, मुलगा पुण्याहून फोनवर रागावला. पालथ्या घड्यावर पाणी म्हणावं, तर आमच्या घरात पालथा घडा शिल्लकच नव्हता.

मी शाळेत विज्ञान शिकवते. निवृत्ती जवळ आली आहे आणि खरं सांगायचं तर मी थकले आहे. शिकवण्याने नाही, उठण्याने. त्यात विज्ञान दिनाचं भाषण हेडसरांनी माझ्या गळ्यात घातलं. विषय मीच निवडला, युरोपच्या एरियन रॉकेटांचं घराणं. आपले कितीतरी उपग्रह याच घराण्याने वर नेले. प्रत्येक रॉकेट एकदाच उडायचं. ओझं वर पोचवायचं आणि आपण समुद्रात पडायचं, नाहीतर जळून जायचं. का कोण जाणे, ते मला फार जवळचं वाटलं.

एका सकाळी मी स्वयंपाकघरातच भाषण लिहायला बसले. तेवढाच नळावर पहाराही होत होता. आत्याबाई भिंत धरत आल्या, पहारा पाहून समोर खुर्चीवर टेकल्या आणि काय लिहायलीस म्हणून विचारलं. नातवंडाला सांगावं तसं मी सांगत गेले. या घराण्यातलं चौथं रॉकेट फार गुणी निघालं. मग पाचवं केलं, जास्त ओझं नेणारं. पण चौथ्याच्या संगणकातली एक आकडेमोड त्यात जशीच्या तशी ठेवली. तिचं खरं काम जमिनीवरचं, उडायच्या आधीचं. चौथ्यात रॉकेट उडाल्यावरही ती थोडा वेळ चालू राहायची, त्याला कारण होतं. पाचव्यात तिची गरजच नव्हती. पण चांगलं चाललंय त्याला हात कशाला लावा, म्हणून राहू दिली. पाचवं निघालं वेगाचं. आकडे तिला झेपले नाहीत, सगळी यंत्रणा गोंधळली आणि मिनिटभरात पहिलंच रॉकेट आभाळात फुटलं. पुढे ती चूक सुधारली आणि तेच पाचवं कितीतरी वर्षं राबलं. अलीकडेच ते थांबलं, आता सहावं उडतं.

आत्याबाई म्हणाल्या, "तिला कुणी सांगितलं न्हाई का, की बाई, झालं तुजं काम?"

मी पेन खाली ठेवलं. भांडी आम्ही लपवली, कुलपं लावली, तोंडाला येईल ते बोललो. पण एवढं साधं वाक्य त्यांना कुणीच बोललं नव्हतं. मला फार वाईट वाटलं. मी म्हटलं, "आत्याबाई, झालं तुमचं काम. तुम्ही भरलेल्या पाण्यावर हे घर तरलं. आता बसा."

त्यांनी नळाकडे पाहिलं. त्याला पाणी आलं होतं आणि ते नुसतंच वाहत होतं.

"मंग सकाळी उठू कशाला मी?"

वर्गात असते तर उद्या सांगते म्हणून वेळ मारून नेली असती.

आता फुसफुस सुरू झाली की आधी मी उठते. फरशी कोरडी पुसते, नळाजवळ खुर्ची ठेवते आणि देवापुढचा तांब्या भांड्यात रिकामा करून त्यांच्या हातात देते. त्या बसून तेवढा एक तांब्या भरतात आणि महादेवाच्या पिंडीपुढे ठेवायला माझ्याकडे देतात. बाकी भांड्यांना हात लावत नाहीत. कालचं शिळं पाणी तुळशीला मीच घालते, मग चहा टाकते, मग शाळेचा डबा.

झालं तुझं काम, असं मला अजून कुणी म्हटलेलं नाही.